हौसरावांच्या ओट्यावरचा फोटो

न्हावरे
१९ जुलै

अपेक्षा,

फोन तू कापतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, आणि तू माझी लेक आहेस, तू दोनदा वाचशील. शाळेची खिचडी उतरवली, भांडी घासली आणि तिसरीच्या वर्गातल्या बाकावर बसून लिहितेय. सातवीच शिकले असले तरी माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, हे तुझे गुरुजीसुद्धा म्हणायचे.

आधी शंभूचं कळव. बसायला लागला का? बारशाला आले तेव्हा तासभर मांडीवर होता, तेवढीच माझी आणि नातवाची ओळख. त्या दिवशी तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आता आमीच येतो न्हावऱ्याला, बाळाला आजोळ दावाया," आणि तुझा चेहरा असा उतरला की मी हातातला पेढा तसाच ताटात ठेवला. तू दिवाळसणाला का आली नाहीस, पहिल्या बाळंतपणाला का आली नाहीस, ते मला तेव्हा कळलं. "तिकडं दवाखाना लांब पडतो," असं सांगितलं होतंस. दवाखाना नव्हे बाई, तुला आपली पत्र्याची खोली अडचणीची होते. रागानं लिहीत नाही. जे आहे ते लिहितेय.

आता मुद्द्याचं. घरकुलाची यादी आली आणि तीत आपलं नाव नाही. म्हणजे आहे, पण अपात्रांच्या पानावर. मी तुझ्या वडिलांना घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी मोबाईल पुढं केला. फोटोत तुझे वडील कडक इस्त्रीच्या शर्टात उभे, आणि मागं हौसरावकाकांचा स्लॅबचा बंगला.

तुला तो दिवस आठवतच असेल. केडगावचे पाहुणे तुला बघायला यायचे होते आणि आपल्या एका खोलीत पाच माणसं बसवायची कुठं, म्हणून हौसरावकाकांनी त्यांचं घर दिवसापुरतं आपल्याला दिलं. ती सगळी शिरूरला गेली आणि किल्ली माझ्या हातात. भावकीत असं चालतं, कुणी कुणाला नाही म्हणत नाही. 'हौसराव निवास' ही पाटी सिमेंटात बसवलेली, काढता येईना, म्हणून मी तिच्यावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण सोडलं. पोहे झाले, तू चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेलीस, आणि नेमके तेव्हाच घरकुलाच्या सर्वेचे साहेब ओट्यावर. आपल्या खोलीला कुलूप बघून त्यांनी विचारलं, आणि कोंडिबा आज इकडं आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे घर तुमचं स्वतःचं का?" रविराज, तुझे सासरे, सासूबाई, सगळे ऐकत होते. तुझ्या वडिलांच्या तोंडून निघून गेलं, "व्हय, माझंच हाय." साहेबांनी फोटो काढला, सही घेतली आणि गेले. नंतर दुरुस्त करू असं आम्ही म्हणालो. मग लग्नाची धांदल आली आणि सर्वे संपला.

ग्रामसेवक भले माणूस आहेत. फोटो बोटांनी मोठा करून म्हणाले, "निवास दिसतंय मावशी, कुणाचं ते पानाखाली गेलंय." मग त्यांनी वाट सांगितली. घर हौसरावांचं आहे याचा उतारा आहे, त्याची अडचण नाही. पण तुझ्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं 'माझं' म्हटलेलं आहे, सहीसकट. ते खोटं होतं असं पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगायचं. सभेनं ठराव केला की ते आपल्या खोलीचा पंचनामा करून वर पाठवतील. ही सभा चुकली तर पुढची यादी कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही.

जूनच्या वाऱ्यात मागचा एक पत्रा उडाला, तो तिसऱ्या दिवशी शेजारच्या जयसिंगच्या उसात सापडला. वडिलांनी तो परत बसवलाय आणि वर दगड ठेवलेत. त्या दगडांखाली मी अजून एक पावसाळा काढीन, पण त्याच्या पुढचा नाही. घर मी घेणारच. तुला आधी कळवतेय, कारण तुला मागून कळलेलं आवडत नाही.

आई


न्हावरे
२ ऑगस्ट

अपेक्षा,

वडिलांच्या फोनवर तुझा मेसेज आला. फोन उचलायला वेळ नाही आणि एवढं लांबलचक टाईप करायला आहे! "सभेत काही बोलू नका. आजकाल सगळ्याचा व्हिडिओ होतो. इथं कळलं तर मी तोंड कुणाला दाखवू? मला घर नको." मी तीनदा वाचला. तुला घर नको हे बरोबरच आहे बाळा, तुझ्या डोक्यावर स्लॅब आहे.

वडील तुझ्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, "पोरीच्या सासरी आपलं नाक कापून घर बांधायचं? ऱ्हाऊ दे ते घरकुल." मी म्हटलं, नाक ठेवा की, पत्र्याखाली शिंकायला लागेलच. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही जेवलो, उपाशी राहून कुणाचं घर झालंय.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. वाटते. तुला टाकून बोललं तर काय, रविराजनं काही मनात धरलं तर काय, हे सगळं माझ्याही डोक्यात येतं. भाकरी थापताना येतं, पोरांना वाढताना येतं. घर नाही म्हणून लेक येत नाही. घर हवं तर खरं बोलायला हवं. खरं बोललं तर लेक कायमची तुटेल म्हणते. मी कितीदा फिरवून बघितलं, दर वेळी तिथंच येते.

पण एक सांगते. तू आम्हाला लपवतेस, त्याला दोन वर्षं होत आली. सणाला बहाणा, बाळंतपणाला बहाणा. उद्या शंभू बोलायला लागला आणि म्हणाला, आजीकडं चला, तर त्याला काय सांगशील? एका दिवसासाठी मागून आणलेलं घर तू अजून डोक्यावर घेऊन फिरतेस. हौसरावकाकांनी किल्ली संध्याकाळीच परत घेतली होती गं.

ते स्वतः परवा येऊन गेले. "वहिनी, उतारा देतो, सही देतो, सभेत उभा बी ऱ्हातो. पर माझं घर माझं हाय हे मी सांगून भागत न्हाई. तुमचं न्हाई हे तुमीच सांगाय पायजे," म्हणाले. शहाणा माणूस. उगाच नाही बंगला बांधला.

त्या दिवशीचं अजून थोडं सांगायचं आहे, पण आज नको. वेळ आली की सांगेन.

तू मला बोलू नको म्हणालीस. मी तुझी कुठली गोष्ट मोडलेली नाही आजवर. ही मोडणार आहे.

आई


न्हावरे
१६ ऑगस्ट

अपेक्षा,

बोलले.

तू व्हिडिओ बघितला असशीलच. आपल्या आळीतल्या जालिंदरनं काढला आणि सभा संपायच्या आत गावच्या ग्रुपवर टाकला. पण व्हिडिओत माझी पाठच दिसते आणि अर्धं बोलणं पंख्याच्या आवाजात गेलंय, म्हणून पुरतं लिहिते. माझ्याबद्दल कळायचंच असेल तर माझ्याकडूनच कळू दे.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली आणि शाळेच्या पडवीत सभा बसली. ग्रामसेवकांनी यादी वाचली. आपलं नाव आलं तसा जालिंदर मागून म्हणाला, "ज्याचा स्लॅब हाय त्याला कशाला घरकुल?" लोक हसले. तुझे वडील उठले. सकाळपासून त्यांनी चार वाक्यं पाठ केली होती. "ते घर..." एवढं म्हणाले आणि थांबले. परत "ते घर..." आणि त्यांची मान खाली गेली. अपेक्षा, मी या माणसाला पस्तीस किलोचं कांद्याचं पोतं एका हिसक्यात उचलताना बघितलंय. कालची चार वाक्यं त्यांच्यानं उचलली नाहीत.

मग मी उठले. डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, "त्यास्नी कशाला इचारता? चूक माझी हाय. ते घर हौसरावभावजींचं. पोरीला बघाय पाहुणं यायचं व्हतं म्हणून एक दिस मागून घेतलं. सायबांनी इचारलं, घर तुमचं का, तवा ह्यांनी तोंड उघडलं व्हतं न्हाई म्हणाया. मी आत पडद्यामागं उभी व्हते. मी बांगड्या वाजवल्या. दोनदा. बायकूच्या बांगड्या कशाला वाजत्यात ते हितल्या समद्या बाप्यांना ठावं हाय. ह्यांनी वळून पडद्याकडं बघितलं आन् म्हणलं, माझंच हाय. तवा सही ह्यांची असंल, पर खोटं माझं हाय. लिवून घ्या."

हेच ते, जे मागच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं. इतके दिवस मी वडिलांच्या नावावर खपवत होते. तूही त्यांच्यावरच राग धरलास, त्यांचेच फोन आधी कापायला लागलीस, आणि मी गप्प बसून बघत राहिले. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुझ्या आईनं खुणावलं होतं. मला याची लाज वाटते. पाटीवर तोरण सोडल्याची वाटत नाही, याची वाटते.

पडवीत कुणी हसलं नाही. मग म्हस्कूआबा, ते नव्वदीचे, काठी आपटून उठले. म्हणाले, "ज्याच्या घरी दुसऱ्याची भांडी, दुसऱ्याचा गालिचा न आणता पाहुणं जेवून गेलं आसंल, त्यानं हात वर करा." एक हात वर गेला नाही. जालिंदरच्या एका हातात मोबाईल होता, दुसरा त्यानं खिशात घातला. त्याच्या साखरपुड्याच्या खुर्च्या, कपाट आणि टीव्ही कुणाकुणाकडून आले होते ते सगळ्या आळीला माहीत आहे.

ठराव एकमतानं झाला. हौसरावांनी पहिली सही केली.

घरी येताना वडील माझ्या पुढं चार पावलं चालत होते. पाणंदीपाशी थांबले आणि म्हणाले, "बांगड्यांचं कशाला सांगितलंस? मी निभावलं असतं की." मी म्हटलं, निभावलंत म्हणून तर दोन वर्षं लेक घरी आली नाही.

आता तुला काय म्हणायचं ते म्हण. माझं सांगून झालं.

आई


न्हावरे
२७ ऑगस्ट

अपेक्षा,

तुझा मेसेज मिळाला. "आता मी तिकडे पाय ठेवणार नाही." बरं. नको ठेवूस. पण हे पत्र खाली बसून वाच. शंभूला कुणाकडं तरी दे आणि वाच.

रविवारी तुझ्या सासूबाई आल्या होत्या. तुला शिरूरला पाहुण्यांकडं जाते सांगून निघाल्या होत्या ना? त्या इथं आल्या.

मी दारात बसून तांदूळ निवडत होते. बघते तर रस्त्यानं एकट्या, हातात पिशवी, एसटीतून उतरून चालत. हौसरावकाकांचा बंगला वाटेत लागतो. त्याच्याकडं त्यांनी मानही वळवली नाही. सरळ आपल्या पत्र्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, च्या करा." ग्रामसभेत एवढी बोलणारी मी, 'या' म्हणायचं सोडून तांदळाचं सूप घेऊन आत पळाले.

त्या चुलीजवळ पाट घेऊन बसल्या. मी पाणी ठेवलं, पावडर टाकली, हात मागं करून फळीवरचा डबा घेतला, साखर टाकली. त्या हसायला लागल्या. म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, "आता बघा, न बघता साखर घेतली. त्या दिशी तिखटाचा डबा उघडला, मग मिठाचा, मग बेसनाचा. मी पाणी मागाय आत आले व्हते. ज्या बाईला सयपाकघरात साखर गावत न्हाई, ते घर तिचं न्हाई, येवढं बी मला कळत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "म्हंजी तुमाला ठावं व्हतं?"

"पयल्या दिसापासनं. आन् बांगड्या वाजल्या त्या बी ऐकल्या. माझ्या बी हातात हायेत की."

"मग होकार कसा दिला?"

"पोरगी बघाय आलो व्हतो, बंगला न्हाई." मग म्हणाल्या, "तुमी साखर हुडकत व्हता, येकच डबा दोन-दोनदा उघडत व्हता. पोरीनं ट्रे खाली ठिवला, तुमच्या पाठीवर हात ठिवला आन् म्हणली, आये, घाबरू नगं, मी हाय ना. मी पडद्याच्या कडंला व्हते, तिला दिसले न्हाई. तवाच ठरवलं, हीच सून."

तुला आठवतं का गं, असं तू म्हणाली होतीस? मला आठवत नव्हतं. साखरेच्या नादात मी ते ऐकलंही नव्हतं बहुतेक. त्यांनी ऐकलं. पहिल्यांदा रडले ते मी तेव्हा, सभेत नाही. त्यांनी चहा स्वतः गाळला.

विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुमी सांगचाल म्हणून वाट बघितली. पोरगी माहेराचं नाव काढंना. मला वाटलं, मायलेकीचं काय बिनसलंय, आपुन कशाला मधी पडा. मोबाईलवर ते बोलणं ऐकलं तवा उलगडलं. तुमची पत्रं पोस्टमन माझ्याच हातात देतो, मी तशीच तिला देते. येक बी फोडलं न्हाई. न्हाईतर आधीच आले असते." मी म्हटलं, आता घरी जाऊन तुम्हीच तिला सांगा. त्यांनी मान हलवली. "मी सांगितलं तर ती माझ्याम्होरं मान वर करायची न्हाई. तुमी लिवा. तिला कळलं की तिची ती येईल माझ्याकडं."

म्हणून लिहितेय. ज्यांच्यापासून तू लपवत होतीस, त्या आपल्या घरात तीन तास बसून गेल्या. जाताना वडिलांना म्हणाल्या, "घरकुल झालं की वास्तुशांतीला आमाला पयलं बोलवा, न्हाईतर बघा." पिशवीत शंभूचे फोटो होते, कागदावर काढलेले. एक त्यांनी स्वतः फळीला टेकवून ठेवला, साखरेच्या डब्याशेजारी.

आता पाय ठेवायचा की नाही ते तू ठरव. पत्रा कुठं गळतो ते मी दाखवीन, तेवढी जागा सोडून बस.

आई


न्हावरे
४ मार्च

अपेक्षा,

आता तू रोज फोन करतेस, कधीकधी दोनदा, आणि मला खिचडी करपेल म्हणून ठेव म्हणावं लागतं. तरी हे पत्र लिहितेय, कारण हे फोनवर सांगताना मी हसेन किंवा रडेन आणि दोन्हीत तुला काही कळणार नाही.

दिवाळीत तू आलीस, पत्र्याखाली आठ दिवस राहिलीस. शंभूनं वडिलांच्या मिशा ओढल्या आणि त्या माणसानं एकदाही 'सोड' म्हटलं नाही. तू गेलीस आणि आठवड्यानं मंजुरीचं पत्र आलं. त्यानंतरचं तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. घरकुलवाल्यांना सरकार देतं तो फुकट वाळूचा पास लगेच निघाला, वाळू मात्र दीड महिन्यानं आली. तोवर वडिलांनी पायाचे दगड स्वतः फोडले. पाया झाला की फोटो, खिडक्यांच्या वर भिंत गेली की फोटो, स्लॅब पडला की फोटो, दर वेळी मालकानं घरापुढं उभं राहायचं. आणि दर वेळी वडील तोच शर्ट घालायचे, जो हौसरावांच्या ओट्यावर घातला होता. मी म्हटलं, दुसरा घाला. म्हणाले, "न्हाई. ह्याच शर्टाची चूक हाय, ह्यानंच फेडू दे."

काल शेवटचा फोटो होता. दोन खोल्या, संडास, मोरी, पुढं वीतभर ओटा. आळीतली सगळी जमली. हौसरावकाका आले, म्हस्कूआबांना खुर्ची दिली. ग्रामसेवकांनी मोबाईल धरला आणि एकदम गंभीर तोंड करून विचारलं, "कोंडिबा, हे घर तुमचं स्वतःचं का?"

वडील बोलेनात. मला वाटलं, परत सभेसारखं होतंय. मग लक्षात आलं, ते माझ्याकडं बघताहेत. आख्ख्या आळीसमोर उभे राहून माझ्या हातांकडं बघताहेत.

मी बांगड्या वाजवल्या. दोनदा, चांगल्या खणखणीत.

"व्हय," म्हणाले, "माझंच हाय." आवाज पार जयसिंगच्या वावरापर्यंत गेला असेल. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आलेत, ग्रामसेवकांना दुसरा काढावा लागला.

आता तुझं काम. येत्या रविवारी वास्तुशांती आहे. विहीणबाईंना मी आधी फोन केलाय, त्यांचा दम होता ना. सगळं सामान आत नेलं, पण स्वयंपाकघराच्या फळ्यांवर मी अजून एक डबा लावलेला नाही. तू शनिवारी ये आणि तुझ्या हातानं लाव. तिखट, मीठ, बेसन कुठंही ठेव. साखर अशा जागी ठेव की रविवारी तुझ्या सासूबाई चुलीपाशी बसतील, तेव्हा चहा तू करशील आणि डब्याकडं न बघता हात मागं नेशील.

आई